आठ दिवसांसाठी नेलेलं मशीन

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

माझी बायको फिलू गेल्यावर सेबीनं सांगितलं होतं, इनास, रोज चार ओळी लिहीत जा, घरात बोलायला माणूस नसलं की माणसाच्या डोक्यात गंज चढतो. दीड वर्षानं आज वही काढली. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, कारखान्यात कन्नड चालायचं, पण शाळा मराठी झाली म्हणून लिहायला हात मराठीतच वळतो.

आज चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर आमच्या संत रॉक बंधुमंडळाची बैठक झाली. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही अकराजण. सेबी मास्कारेन्हस आमचा अध्यक्ष. तो म्हणाला, सामानाचं काम आता इनासनं बघावं, त्याचं आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलंय, त्याच्या हातून वस्तू हरवायची नाही. सगळे हसले. मला बरं वाटलं.

सामान म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या, डोक्याकडून उचलता येणारी एक खाट, तीन वॉकर आणि ऑक्सिजनची दोन मशीनं. हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात देतात ती. ज्याला गरज त्याला फुकट द्यायचं, जात-धर्म विचारायचा नाही. रजिस्टरच्या पहिल्या पानावर माझ्या आधीच्या माणसानं लाल शाईनं लिहून ठेवलंय : रोग्याच्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय ऑक्सिजन परत आणू नये.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मंडळाच्या ओम्नी गाडीत मशीन घालून बेळगुंदीला गेलो. यादीत नुसतं 'देवाप्पा, बेळगुंदी' लिहिलं होतं. दार उघडून आत बघतो तर आमच्याच कारखान्यातला देवाप्पा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आम्ही सतरा वर्षं एकाच छपराखाली होतो. मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर, तो फेटलिंगला. लोखंड ओतून निघालेल्या नगावर वाळू चिकटलेली असते, ती घासून, छिन्नीनं काढून टाकायची, ते फेटलिंग. तिथली धूळ अशी असायची की पलीकडचा माणूस दिसायचा नाही.

तो उशीला टेकून बसला होता. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, पड, पड. त्याची बायको सोनुबाई दाराला धरून उभी. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, फुप्फुसात वाळूची धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, ऑक्सिजनवर दिवस काढायचे.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मी स्वतःच्या पैशानं घेतलंय. ते लावलं तर आकडा त्र्याऐंशी. मशीन सुरू केलं, नळी नाकाला लावली. पंधरा-वीस मिनिटांनी ब्याण्णव. देवाप्पाचे खांदे खाली आले. मग बोलता बोलताच त्याला झोप लागली. सोनुबाई म्हणाली, "अण्णा, तीन आठवडं झालं, बसूनच झोपत हुते." तिनं चहा दिला. मी प्यायलो आणि हळूच निघालो.

परत येताना ओम्नीत मी एकटाच शीळ घालत होतो. फिलू गेल्यापासून पहिल्यांदा.

रविवार, २४ नोव्हेंबर

बेळगुंदी. देवाप्पाची मुलगी उपासना आली होती. ती निपाणीला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्ताच्या तपासण्या करते, दर रविवारी घरी येते. तिनं आधी मशीन उघडून जाळी धुतली, मग माझ्याशी बोलली. किती लिटरवर ठेवलंय, रात्री करंट गेला तर काय, सगळं विचारलं. करंट जातो म्हणून मी एक छोटं सिलिंडर पण आणून ठेवलंय, ते दाखवलं.

निघताना तिनं तिचा नंबर दिला. "काका, मशीनबाबत काहीही बदल करायचा झाला तर आधी मला फोन करा. बाबा तुम्हाला सगळं बरं आहे असंच सांगतील."

रजिस्टरमध्ये देवाप्पाच्या नावासमोर नंबर लिहून ठेवला. पोरगी हुशार आहे, पण जरा तिखट.

मंगळवार, ३ डिसेंबर

मशीन तपासायला म्हणून जातो, पण खरं सांगायचं तर बोलायला जातो. आज दोन तास बसलो. देवाप्पा म्हणाला, "अण्णा, तुमचा तो पिवळा खडू. नगावर फुली मारून परत पाठवायचासा. तुमची फुली बघिटली की आमी समदी तुमास्नी शिव्या घालत हुतो."

मी म्हटलं, "वाळू राहायची ना रे. गिऱ्हाईक परत पाठवायचं."

"ऱ्हायचीच की. मग आमी परत घासायचो." हसता हसता त्याला खोकला आला. तो बराच वेळ गेला नाही. सोनुबाईनं पाठ चोळली.

मी त्याला विचारलं, तोंडाला बांधायला काही द्यायचे का तुम्हाला? म्हणाला, फडकं होतं की. आमचंच. घरनं न्यायचं.

घरी आल्यावर वाटलं, दिवसाला दहा-पंधरा नगांवर मी फुली मारली असेन. सतरा वर्षं. हिशोब केला नाही. ते कामच होतं.

सोमवार, ९ डिसेंबर

दुसरं मशीन परत आलं होतं, रोगी बरा झाला म्हणून. आज चालू करून बघितलं तर लाल दिवा लागतो, हवा येते पण ऑक्सिजन येत नाही. मेकॅनिकला दाखवलं. म्हणतो, आतला पार्ट गेलाय, हुबळीहून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस.

विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू झालंय, जिकडे तिकडे पोलीस. आमच्या कॅम्पातून बाजारात जायला अर्धा तास लागला.

गुरुवार, १२ डिसेंबर

संध्याकाळी सेबी आला. त्याची आई, नातालिनमाय, निमोनिया होऊन आठ दिवस हॉस्पिटलात आहे. वय सत्त्याऐंशी. शनिवारी घरी सोडणार, पण डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजन हवाच. भाड्यानं देणाऱ्या दोन्ही दुकानांत नंबर लागलेत, पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाले.

सेबीनं मागितलं नाही. त्यानं फक्त विचारलं, आपली दोन मशीनं कुठे आहेत? मी सांगितलं, एक बिघडलंय, एक बेळगुंदीला. त्यानं चहा अर्धाच ठेवला. मग म्हणाला, "बघ इनास, काय जमतंय ते." आणि गेला.

फिलू गेली तेव्हा हा माणूस चाळीस दिवस रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. काही बोलायचा नाही. येताना पाव घेऊन यायचा. ते चाळीस दिवस नसते तर मी आज ही वही लिहीत बसलो नसतो.

नातालिनमायनं लहानपणी मला जेवू घातलंय. त्यांच्या आणि आमच्या अंगणाला एकच विहीर होती.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी मिस्साला गेलो, प्रार्थना केली. नियम स्पष्ट आहे, देवाप्पाच्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय मशीन आणायचं नाही. तेव्हा मी काही मागणार नाही असं ठरवलं.

दुपारी बेळगुंदीला फोन केला, तब्येत विचारायला. सोनुबाईनं घेतला. बरं आहे म्हणाली, काल भाकरी खाल्ली. बोलता बोलता सहज मी सांगितलं की दुसरं मशीन बिघडलंय, आमच्या अध्यक्षांची आई उद्या हॉस्पिटलातून घरी येतेय, मशीन कुठेच मिळत नाही, आम्ही सगळे काळजीत आहोत. ती म्हणाली, "अरे द्येवा." मी म्हटलं, असू दे, काहीतरी होईल, तुम्ही काळजी करू नका.

उपासनाला फोन करावा का असं मनात आलं. पण बदल काहीच करायचा नाही, तर उगाच कशाला तिला कामात त्रास.

शनिवार, १४ डिसेंबर

देव मार्ग दाखवतो.

सकाळी आठलाच देवाप्पाचा फोन. स्वतः बोलला. "अण्णा, मशीन घेऊन जावा. मला आता बरं वाटतंय. दोन दिवस झालं, मी बंदच ठेवतोय." मी म्हटलं, अरे, असं कसं. तो म्हणाला, "या तरी. बघा तरी."

अकराला पोचलो. बघतो तर देवाप्पा बाहेर, दारात, खुर्चीवर बसलेला. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नळी नाही. मशीन वायर गुंडाळून दाराजवळ तयार ठेवलेलं. जाळीसुद्धा पुसलेली.

"बघा," तो म्हणाला. "बसलोय का न्हाय?"

मी समोर बसलो. तो थोडं थोडं बोलत होता. एक वाक्य, मग थांबून दुसरं. सकाळच्या गारठ्यात ओठ जरा काळसर दिसत होते. खुर्चीचे हात त्यानं घट्ट धरले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. मी म्हटलं, फक्त आठ दिवस. आमचं दुसरं दुरुस्त होऊन आलं की त्याच दिवशी हे तुला परत.

"आठ काय आन् धा काय." मग तो थांबला. "अण्णा, आमच्याकडं समदं येतंच आलंय. तांदूळ आलं, गोळ्या आल्या, मशीन आलं. आमच्याकडनं बी कायतरी जाऊ दे की कुणाला तरी."

मी त्याचा हात धरला. हात गार होता.

मी विचारलं, उपासनाला सांगितलंस ना? म्हणाला, उद्या येणारच आहे, सांगतो. तिला फोन करू नका, कामात असती.

चहा आधीच गाळून, पेल्यावर ताटली झाकून ठेवला होता. सोनुबाई दिसली नाही. मागं परसात आहे म्हणाला. नेहमी ती स्वतः चहा देते. निघताना मी हाक मारली, तर मागून 'व्हय' एवढंच आलं.

ऑक्सिमीटर खिशातच राहिलं. समोर माणूस चांगला बसून बोलतोय, त्याला यंत्र कशाला लावायचं. छोटं सिलिंडर अडीअडचणीला तिथंच ठेवून आलो. देवाप्पा पोचवायला उठला नाही, तिथूनच त्यानं हात वर केला.

दुपारी नातालिनमायला मशीन लावलं. सेबीनं मला मिठी मारली. त्याला मी सांगितलं, तिथल्या रोग्याला आता गरज नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं : रोग्यानं स्वखुशीनं परत केलं.

रविवार, १५ डिसेंबर

मिस्सात फादरांनी आपल्या प्रवचनात नाव न घेता सांगितलं, एका परधर्मी गरीब बांधवानं स्वतःच्या घरातलं मशीन दुसऱ्यासाठी दिलं. लोकांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. मला अवघडल्यासारखं झालं. पण वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

फोन केला. सोनुबाई म्हणाली, "झोपल्यात." मी म्हटलं, उपासना आली होती का रविवारी? म्हणाली, न्हाय, तिला ड्युटी लागली. तिचा आवाज बसला होता. थंडी आहे, सगळ्यांचेच घसे धरलेत.

मेकॅनिकला विचारलं. पार्ट अजून आला नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

देवाप्पा गेला. पहाटे गाडी करून दवाखान्यात आणत होते, वाटेतच. गावातल्या भरमूनं फोन केला.

आणखी काही लिहीत नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

काल दुपारी बेळगुंदीला गेलो. सेबी येतो म्हणाला होता, पण आईजवळ माणूस नव्हतं. मी एकटाच गेलो.

अंगणात लोक बसले होते. भिंतीशी बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील म्हटलं. मला म्हणता येत नव्हतं, मी हात जोडून उभा राहिलो. देवाप्पाला शनिवारचाच तो इस्त्रीचा शर्ट घातला होता.

स्मशानातून आल्यावर लोक पांगले तेव्हा उपासना माझ्याजवळ आली. रडलेली नव्हती. निपाणीहून सकाळी मिळेल त्या गाडीनं आली होती.

"काका, शनिवारी तुम्ही मशीन नेलंत तेव्हा बाबांच्या बोटाला लावलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"होतं का तुमच्याकडे?"

"होतं. खिशात."

ती काही वेळ माझ्या खिशाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या लॅबशेजारी मेडिकल आहे. त्यांच्याकडे दोन मशीनं भाड्यानं द्यायला पडून आहेत. गेल्या महिन्यापासून. मला एक फोन केला असता तर मी शनिवारी दुपारी घेऊन आले असते. तुमच्या त्या आजींना पण मिळालं असतं आणि बाबांचं बाबांकडे राहिलं असतं."

मी म्हटलं, देवाप्पा म्हणाला, तिला फोन करू नका.

"ते म्हणणारच. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ते सगळं बरं आहे असंच सांगतील म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "सिलिंडर सोमवारीच संपलं. आई तुम्हाला फोन करणार होती. बाबांनी मोबाईल उशीखाली ठेवला. मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा पण झोपलोय म्हणून सांग म्हणाले. म्हणाले, दिलेली वस्तू परत मागायची न्हाय. काका, तुम्ही लोक चांगुलपणा करायला आलात. मग त्यांना पण चांगलं व्हावं लागलं. तुम्ही एकवेळ वाईट वागला असतात तर बाबांनी भांडून मशीन ठेवून घेतलं असतं."

मी हात जोडले आणि निघालो.

आज दिवसभर घरात बसून आहे. शुक्रवारचं माझं लिहिणं परत वाचलं. 'सहज मी सांगितलं.' सहज नव्हतं ते. शनिवारचंही वाचलं. ओठ काळसर मी बघितले होते. गार हात मी धरला होता. सतरा वर्षं मी लोखंडाचा नग हातात घेऊन केसाएवढी भेग शोधत होतो, आणि समोरचा माणूस मला दिसला नाही असं मी कुणाला सांगू. खिशात हात घातला असता तर आकडा दिसला असता. आकडा दिसला असता तर मशीन नेता आलं नसतं. म्हणून हात घातला नाही. एवढंच आहे.

रविवार, २२ डिसेंबर

बैठक. मी सगळं सांगितलं, उभं राहून. रजिस्टरमधली 'स्वखुशीनं' ही नोंद वाचून दाखवली आणि ती खोटी आहे म्हटलं. मग फादर म्हणाले, इनास, तू वाईट हेतूनं केलं नाहीस. एकानं म्हटलं, त्याचे दिवस भरले होते, रोगच तसा होता. दुसऱ्यानं विषय बदलला, नाताळाच्या चांदणीला बल्ब कमी पडताहेत.

सेबी एकटाच मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू मला म्हणालास, तिथं गरज नाही."

"म्हणालो."

"मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." मग, "आईची नळी मी आता काढू का, इनास? काढून काय करू?"

मी म्हटलं, काढू नकोस.

तो स्कूटर सुरू न करता ढकलत घेऊन गेला, कोपऱ्यापर्यंत.

सामानाचं काम सोडतो म्हणून मी चिठ्ठी दिली. अजून कुणी ती घेतलेली नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. मुलाचा मस्कतहून व्हिडिओ कॉल. बरा आहे म्हणालो.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

दुसरं मशीन दुरुस्त होऊन आलं. चालू करून बघितलं, हिरवा दिवा, चांगलं चालतंय. आठ दिवस म्हणालो होतो, एकोणीस झाले. आता ते चर्चमागच्या खोलीत प्लास्टिक घालून ठेवलंय.

नातालिनमायची तब्येत सुधारतेय. पेज पिते.

गुरुवार, ९ जानेवारी

साडेदहाला दार वाजलं. सोनुबाई. एकटी. बेळगुंदीच्या बसनं बाजारात उतरून विचारत विचारत कॅम्पात आलेली. मी आत या म्हटलं, ती पायरीवरच उभी राहिली.

"अण्णा, ते मशीन ज्या म्हातारीला लावलंय, ती हाय न्हवं?"

"आहेत."

"ती मला बघायची हाय."

मी का म्हणून विचारलं नाही. सेबीला फोन केला. तो म्हणाला, घेऊन ये.

चालत दहा मिनिटांचा रस्ता. ती माझ्या दोन पावलं मागून येत होती. मध्येच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"शुक्कीरवारी तुमचा फोन आला, म्या त्यास्नी सांगिटलं. लगीच म्हणालं, देऊया. म्या नगं म्हटलं. लई भांडलो आमी. सांजंला मशीन बंद करून दारापतूर चालून बघिटलं त्यांनी, दोनदा. जमलं न्हाय, मग खुर्चीच दारात ठिवू म्हणालं. म्हणालं, तू म्होरं येऊ नगं, तू रडतीस, अण्णास्नी कळंल. म्हणून म्या परसात बसले हुते." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "तुमी हाक मारलासा. म्या नुसतं व्हय म्हटलं. भाईर येऊन सांगिटलं असतं तर?"

मी थांबलो. म्हटलं, "सोनुबाई, चूक माझी आहे. तुमची नाही."

"तुमची हायच की," ती म्हणाली. "पर माझी बी हाय."

सेबी दारात हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोनं खुर्ची आणली. नातालिनमाय जागी होती. खाटेला टेकून बसवलेली, अंगावर शाल, नाकाला नळी. खाटेच्या बाजूला मशीन चाललेलं. सोनुबाई आधी मशीनकडे बघत राहिली. मग बसली.

मायला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. तिनं सोनुबाईचा हात हातात घेतला आणि कोंकणीत विचारलं, जेवलीस का? मी मराठीत सांगितलं. सोनुबाई म्हणाली, जेवले. मायनं परत विचारलं. सोनुबाईनं परत सांगितलं, जेवले. हात सोडवून घेतला नाही.

सेबी बोलायला गेला, "वहिनी, आम्हाला खरंच माहीत नव्हतं..." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

मायनं मान हलवली तशी नळी एका कानामागून निसटली. सेबीची बायको पुढं व्हायच्या आत सोनुबाईनं ती परत कानामागं बसवली, हनुवटीखालची कडी वर सरकवून घट्ट केली, नळीला कुठं पीळ पडलाय का ते बोटांनी चाचपत मशीनपर्यंत बघितलं. महिनाभराची सवय होती हाताला. आम्ही तिघं बघत उभे होतो.

वीस-पंचवीस मिनिटं ती बसली. मग उठली. चहा नको म्हणाली.

मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मी तिला विचारलं, उपासना कशी आहे. म्हणाली, ड्युटीवर जाती. मला तिकडं चल म्हणती, निपाणीला. एवढं बोलून ती रस्त्याकडे बघत राहिली. दुसरं मशीन दुरुस्त झालंय हे सांगावं का, याचा विचार करत होतो. सांगितलं नाही.

बस वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "लई म्हातारी हाय, अण्णा."

"हो," मी म्हटलं. "सत्त्याऐंशी."

"आमच्या ह्यास्नी एकोणसाठावं लागलं हुतं."

बस आली. ती चढली आणि पुढं एका बाईशेजारी जागा बघून बसली. खिडकी तिच्या बाजूला नव्हती. ती आणखी काही म्हणेल म्हणून मी दाराशी थांबलो होतो. कंडक्टरनं मला विचारलं, येणार का? मी नाही म्हटलं. त्यानं शिट्टी मारली.